पदभ्रमण-सहल, सागरतटीय

सागरतटीय पदभ्रमण-सहल : समुद्रकाठच्या एखाद्या गावी आठवडाभर मुक्काम करून, जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीने गटागटाने रमतगमत पायी हिंडणे आणि हिंडताहिंडता त्या प्रदेशाचा इतिहास, निसर्ग, वास्तू व लोकजीवन यांची ओळख करून घेणे, असे या सहलीचे स्वरूप असते. गिर्यारोहणातील साहस किंवा चढाओढ तीत नसते. दिवसाकाठी झेपेल तेवढेच अंतर चालावयाचे, वाटेत शिदोरी सोडावयाची आणि संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर व्याख्यान, गायन वा गप्पा यांत वेळ घालवावयाचा, हा तिचा सर्वसाधारण क्रम होय. पाश्चात्त्य देशांत ही सहल आज मुख्यत्वे मध्यम वर्गातील आणि त्यातही उतारवयातील लोकांचा विरंगुळा मानली जाते. तिचा उगम मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील गिरणी कामगारांच्या सुटीच्या प्रश्नातून झाला.

लँकाशर परगण्यातील कापडगिरण्यांच्या गावांत वर्षातून एकदा सर्व गिरण्या एकाच वेळी बंद ठेवण्याची प्रथा होती. ‘वेक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा आठवडा मुळात गावच्या चर्चच्या जत्रेचा. यंत्रे व बाष्पित्रे यांच्या दुरुस्तीसाठी मालकांनाही तो सोयीचा वाटे. या दिवसांची मजुरी मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर भिशीसारख्या मंडळांतून पैसे साठवीत आणि सुटी लागताच सारे गाव आगगाडीने समुद्रकाठी जाई. टॉमस कुकने १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी एका शिलिंगात सामुदायिक सहल नेली, तेव्हापासून स्वस्त सहलींचा प्रघात वाढत गेला होता. १८४६ मध्ये ब्लॅकपूलपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर ते गाव लँकाशरच्या कामगारांचे आवडते ठिकाण झाले. धक्क्यावरील करमणुकी, नाचघरे, मद्यगृहे आणि दाटीवाटीची भाड्याची घरे यांत वर्षाची पुंजी आठवड्यात संपून जाई.

कोल्न या गिरणगावातील काँग्रिगेशनल पंथाचा धर्मोपदेशक टॉमस आर्थर लेनर्ड (१८६४–१९४८) याला ही उधळपट्टी अस्वस्थ करी. रस्किनच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता. कामगाराला विश्रांती मिळते, पण तिचा उपयोग कसा करावा हे त्याला कोणी दाखवीत नाही, अशी त्याची धारणा होती. १८९१ च्या जूनमध्ये त्याने आपल्या मंडळीतील सु. ३० पुरुषांना सरोवर प्रदेशातील ॲम्बलसाइड येथे चार दिवस नेले व डोंगरवाटांनी हिंडविले. पुढील वर्षी उत्तर वेल्समध्ये अशीच सहल झाली. नॉटिंगमचे शिक्षणतज्ज्ञ जॉन ब्राउन पेटन यांच्या नॅशनल होम रीडिंग युनियन या वाचनप्रसारक संस्थेचे पाठबळ मिळून १८९३ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. ब्लॅकपूलविषयीच्या लेनर्डच्या मतात उपदेशकी कठोरपणा होता, हे मान्य केले पाहिजे. वर्षभर मागाच्या खडखडाटात उभे राहणाऱ्या माणसाला आठवडाभर गर्दी, दिवे आणि नाचगाणे हवेसे वाटले, तर त्यात नवल नाही. ब्लॅकपूलची लोकप्रियता त्याच्या टीकेने तिळमात्र कमी झाली नाही. १८९४ मध्ये तेथील प्रसिद्ध मनोरा उघडला आणि गर्दी वाढतच राहिली. लेनर्डचे श्रेय टीकेत नाही. त्याने दुसरा मार्ग प्रत्यक्ष उभा करून दाखविला, यात आहे.

संस्थेने गावोगावची घरे भाड्याने वा विकत घेऊन तेथे अतिथिगृहे चालविली. राहणी साधी, मद्याला मज्जाव आणि एकाच घरात स्त्री-पुरुषांचा निवास, ही त्यांची वैशिष्ट्ये होत. चालण्याच्या सहलींचे नेतृत्व स्वयंसेवक करीत. भूविज्ञान, वनस्पती किंवा स्थानिक इतिहास यांचा जाणकार बरोबर असे. एकट्या स्त्रीने सुटीसाठी बाहेरगावी राहणे ज्या काळात चर्चेचा विषय होई, त्या काळात शिक्षिका, कारकून व दुकानांत काम करणाऱ्या अविवाहित स्त्रियांना या घरांनी निर्धास्तपणे हिंडण्याची संधी दिली. संस्थेच्या इतिहासातील ही बाब कामगारांच्या सहलींइतकीच महत्त्वाची आहे.

समुद्रकाठच्या केंद्रांपैकी यॉर्कशरमधील व्हिट्बी हे या सहलींच्या स्वरूपाचे चांगले उदाहरण होय. येथील कड्यावर प्राचीन मठाचे भग्नावशेष आहेत. ६५७ मध्ये हिल्डा या संत स्त्रीने तो मठ स्थापिला व ६६४ मध्ये तेथे भरलेल्या धर्मसभेने ईस्टर सणाच्या तिथीचा वाद रोमन पद्धतीच्या बाजूने मिटविला. मठालगतच्या जुन्या वाड्यातच संस्थेचे अतिथिगृह होते. तेथून कड्याच्या कडेने दक्षिणेस रॉबिन हुड्स बे या कोळ्यांच्या गावापर्यंत जाणारी सु. १० किमी.ची वाट ही एका दिवसाची मजल. कड्यांतील शेलच्या थरांत अमोनाइट या लुप्त सागरी प्राण्यांचे सर्पिल जीवाश्म विपुल सापडतात. हिल्डाने सापांचे दगड केले, अशी लोकसमजूत असून पूर्वी तेथील विक्रेते या दगडांना सापाचे तोंड कोरून ते प्रवाशांना विकत. गंडकी नदीतील शाळिग्राम हेही अमोनाइटचेच जीवाश्म होत. एकाच जातीच्या दगडाला एका देशात शाप आणि दुसऱ्या देशात देवत्व लाभले. याच थरांत मिळणारा जेट हा काळा खनिज पदार्थ कोरून दागिने बनविण्याचा धंदा व्हिक्टोरिया राणीच्या काळात भरभराटीस आला, कारण सुतकातील अलंकार म्हणून त्याला मागणी होती. कॅप्टन जेम्स कुक नौकानयन शिकला तो याच बंदरात. इतकी सामग्री दोन-तीन तासांच्या वाटेवर विखुरलेली असल्याने भराभर चालणाऱ्यास ती दिसतच नाही. मार्गदर्शकाचे काम वाट दाखविण्यापेक्षा थांबविण्याचे अधिक असे.

यशाबरोबर संस्थेचे रूप पालटले. आठवड्याचा खर्च बेताचा असला, तरी बिनपगारी सुटी घेणाऱ्या मजुराला तो जड जाई. हळूहळू शिक्षक, कारकून आणि लहान व्यावसायिक यांचीच संख्या वाढली. घरे अधिक आरामशीर झाली. ज्यांच्यासाठी हा उद्योग मांडला, तेच मागे पडले, हे पाहून लेनर्डने १९१३ मध्ये ‘हॉलिडे फेलोशिप’ ही दुसरी संस्था काढली. ती अधिक साधी, स्वस्त आणि आंतरराष्ट्रीय स्नेहभावाला वाहिलेली असावी, हा त्याचा हेतू होता. जर्मन पाहुण्यांशी देवघेव वाढविण्याची त्याची उमेद पहिल्या महायुद्धामुळे वर्षभरातच खुंटली. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉन्वी येथे तो पुढे स्थायिक झाला व तेथेच वारला. नव्या संस्थेच्या वाट्यालाही कालांतराने मध्यम वर्गच आला. १९३८ मध्ये भरपगारी सुट्यांचा कायदा झाला, तेव्हा कामगारांनी मोठ्या संख्येने स्वस्त हॉलिडे कॅम्पचा रस्ता धरला. पहिली संस्था नाव बदलून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. पुढे तिचे स्वतंत्र अस्तित्व उरले नाही. दुसरी मात्र सहकारी तत्त्वावर आजही सहली काढते आणि तिचे सहलनायक अजून स्वयंसेवकच असतात.

चालण्यास वाटच नसेल, तर अशा सहली अशक्य होत. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील बऱ्याच पाऊलवाटा चोरट्या आयातीवर नजर ठेवणाऱ्या तटरक्षक शिपायांच्या गस्तीने पडल्या. खाडीखाडीत डोकावता यावे म्हणून त्या कड्याच्या अगदी कडेने जातात. गस्त थांबल्यावर त्या मोडू लागल्या आणि जमीनमालकांच्या कुंपणांनी अडल्या. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामप्रदेश-प्रवेश कायद्याने लांब पल्ल्याच्या सार्वजनिक वाटांना आधार मिळाला. व्हिट्बीवरून जाणारा क्लीव्हलंड वे १९६९ मध्ये, पेम्ब्रुकशरचा तटमार्ग १९७० मध्ये व नैर्ऋत्य इंग्लंडचा सु. १,०१४ किमी.चा मार्ग १९७८ मध्ये पूर्ण झाला. वेल्सचा संपूर्ण किनारा २०१२ पासून पायी चालता येतो. इंग्लंडच्या किनाऱ्यासाठी २००९ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास स्वस्त झाल्यावर या सहली भूमध्य समुद्राकडे वळल्या. इटलीतील चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या पट्ट्यात डोंगरउतारावर दगडी बांध रचून केलेली द्राक्षांची सोपानशेती व गावांना जोडणाऱ्या पाऊलवाटा हे मुख्य आकर्षण आहे. १९९७ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. पर्यटनाचा पैसा आल्यावर मळ्यांतील कष्टाचे काम करण्यास माणसे मिळेनाशी झाली; बांध ढासळू लागले आणि ज्या दृश्यासाठी प्रवासी येतात, तेच धोक्यात आले. रीओमाज्जोरे व मानारोला यांमधील प्रसिद्ध कडेवाट २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली. ती २०२४ मध्ये उघडली, तेव्हा प्रवाशांना ठराविक वेळेचे तिकीट घेणे भाग पडले.

भारतात युवक वसतिगृह चळवळीने हा प्रकार आणला. भारतीय युवक वसतिगृह संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली असून तिच्या गोव्यातील पदभ्रमण-मोहिमांत किनाऱ्यावरील टप्पे असतात. कोकणचा किनारा सौंदर्यात उणा नसला, तरी बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या जागोजाग आडव्या येत असल्याने सलग पायवाट तेथे रूढ झाली नाही. चालणाऱ्याला तरीची वाट पाहावी लागते. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू झाले. पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी येणारे प्रवासी गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पहाटे पुळणीवर जातात.