दोराह्याचा कागद

आमचे घर भोपाळातले. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. सीमाभागातल्या वाचकांना ही दुहेरी रीत समजावून सांगायला नको. मोठ्या तळ्याच्या काठाने जाताना मला १७३७ सालचा डिसेंबर आठवतो, आणि तो आठवतो तो त्या वेळच्या पत्रांमुळे.

त्याच वर्षी बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारून आले होते. हादरलेल्या महंमदशहाने निजामुल्मुल्काला बोलावून घेतले. माळव्यातून मराठ्यांना हुसकण्यासाठी निजाम जड तोफखान्यासह निघाला आणि भोपाळात कोंडला गेला. बाजीराव छावणीतून धाकट्या भावाला पत्रे धाडीत होते. चिमाजी अप्पा तापीकाठी वरणगावास होते. निजामाचा मुलगा नासिरजंग दक्षिणेतून बापाच्या मदतीस येऊ नये, ही त्यांची जोखीम. दोघा भावांच्या मध्ये नर्मदा आणि सातपुडा; दुवा काय तो जासुदाच्या पायांचा! निजामाच्या गोटात धान्य रुपयाला शेर झाले, तोफांचे बैल मारून खाल्ले, हे आपल्याला कळते ते या पत्रांतूनच.

७ जानेवारी १७३८ रोजी भोपाळजवळच्या दोराह्यास तह झाला. संपूर्ण माळवा, नर्मदा ते चंबळ या मुलखाचा अधिकार, त्यावर बादशाही मान्यता मिळवून देणे आणि खर्चापोटी ५० लाख रुपये. निजामाने हे स्वहस्ते लिहून दिले, याचेच बाजीरावांना अप्रूप वाटले.

पण कागद झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीस वारले. माळव्याची सनद आली ती १७४१ मध्ये, नानासाहेबांच्या हाती, आणि तीही नायब सुभेदारीची.

भोपाळचा वेढा पडला तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन पाच वर्षांचा होता. पुढे त्याच्या देशात अॅडम्स आणि जेफर्सन यांनी राज्यकारभाराची पत्रे जपून ठेवली. त्या प्रजासत्ताकाची पहिली वर्षे आज त्यांतूनच उलगडतात. आपल्याकडेही सरदेसाईंनी १९३० पासून पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापून काढले. परंतु न छापलेले कितीतरी अजून मोडीतच आहे.

आमच्या माळ्यावरही आजोबांचा एक रुमाल होता. दिवाळीच्या साफसफाईत तो दरवर्षी खाली यायचा, झटकला जायचा, पुन्हा वर जायचा. एका वर्षी नातीने विचारले, "आजोबा, यात काय लिहिलंय?" मला सांगता येईना. दोराह्याच्या गोष्टी सांगणारा मी, घरचा कागद वाचू शकत नव्हतो! साठीनंतर मोडी गिरवायला बसलो. पहिले पत्र लागले त्यात मजकूर एवढाच होता : लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी आहे, काळजी नसावी.

वाचकहो, यंदा माळा झाडून झाला असेलच. रुमाल रद्दीत गेला नसेल, तर एकदा सोडून पाहा.