नकाराचा अधिकार आणि ठाण्याचा नाविकतळ : १९४६ च्या नाविक उठावातील सदसद्विवेकाचा प्रश्न

प्रस्तावना

सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांचा इतिहास प्रामुख्याने सक्तीच्या सैन्यभरतीच्या देशांत लिहिला गेला आहे. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, तेव्हा त्यातच विवेकाच्या कारणावरून सूट मागण्याची तरतूद ठेवण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुमारे १६ हजार तरुणांनी या भूमिकेतून नकार नोंदविला. भारतात मात्र भारतीयांवर अशी सक्ती कधीच लादली गेली नाही. १९१७ च्या भारतीय संरक्षण दल कायद्यातील सक्ती युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरती मर्यादित होती. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २५ लाखांचे भारतीय सैन्यही स्वेच्छाभरतीचेच होते. त्यामुळे 'भरती नाकारणारा तरुण' ही व्यक्तिरेखा आपल्या इतिहासात सहसा आढळत नाही. परंतु भरती झाल्यानंतर सेवा नाकारणारा तरुण आढळतो आणि त्याचे एक ठिकाण ठाणे हे होते. प्रस्तुत लेखात १९४६ च्या नाविक उठावाचा या दृष्टीने विचार केला आहे.

युद्धकाळातील ठाणे-कल्याण परिसर

दुसऱ्या महायुद्धाने ठाणे जिल्ह्याचे स्वरूप पालटले. मुंबई बंदराची जवळीक, रेल्वेचे जाळे आणि मोकळी जमीन यांमुळे कल्याणजवळ लष्कराची मोठी संक्रमण छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. कल्याणनजीक नेवाळी येथे धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. त्या जमिनींचा वाद इतका दीर्घकाळ टिकला की जून २०१७ मध्ये तेथील शेतकऱ्यांचे आंदोलन हिंसक वळणावर गेले. म्हणजे या परिसरात युद्धाची सक्ती माणसांवर नव्हे, तर जमिनीवर झाली. माणसांना सैन्यात आणण्याचे काम बेकारी आणि पगाराच्या आशेने केले. ठाण्याजवळ कोलशेत येथे शाही भारतीय नौदलाचा 'अकबर' हा किनारी तळ होता, तोही याच युद्धकालीन विस्ताराचा भाग होय.

नकाराची पूर्वपीठिका

युद्धाला नैतिक विरोध करण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना माणसे अथवा पैसा देणे अयोग्य आहे आणि युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच केला पाहिजे, असा या सत्याग्रहाचा आशय होता. चार दिवसांनी विनोबांना अटक झाली. त्यानंतर देशभरातील हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. हे सत्याग्रही सैनिक नव्हते. त्यांनी स्वतः शस्त्र खाली ठेवले नाही, तर इतरांना ते न उचलण्याचे आवाहन केले. याउलट २३ एप्रिल १९३० रोजी पेशावर येथे चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार करण्यास नकार दिला आणि त्याबद्दल दीर्घ कारावास भोगला. गणवेशातील माणसाच्या नकाराचे हे ठळक उदाहरण होते.

फेब्रुवारी १९४६

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील कनिष्ठ नाविकांनी निकृष्ट अन्नाच्या निषेधार्थ अन्न व काम नाकारले. त्यांपैकी बहुतेक जण विशीच्या आसपासचे होते. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांची अपमानास्पद भाषा हेही असंतोषाचे कारण होते. भिंतींवर राजकीय घोषणा लिहिल्याबद्दल बलाईचंद्र दत्त या नाविकाला त्याच महिन्याच्या प्रारंभी अटक झाली होती. १९ तारखेला एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. अल्पावधीत ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार नाविक यांपर्यंत संप पोहोचला. ठाण्याचा 'अकबर' तळही त्यात सामील होता.

संपकऱ्यांच्या मागण्यांची यादी दोन भागांत विभागता येते. अन्न, वेतन, वागणूक व सेवामुक्तीनंतरची सोय या मागण्या सेवाशर्तींच्या होत्या. आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची आणि राजकीय कैद्यांची सुटका, तसेच इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे, या मागण्या मात्र नाविकांच्या पोटाशी निगडित नव्हत्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुराबाया येथे इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांविरुद्ध भारतीय तुकड्या लढविण्यात आल्या होत्या. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या तरुणांनी दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य चिरडावे काय, हा प्रश्न या मागणीमागे होता. सर्वच युद्ध त्याज्य मानणारा हा शांतिवाद नव्हे. विशिष्ट युद्ध अन्याय्य आहे म्हणून त्यात सहभागी होण्यास दिलेला हा नकार आहे.

२१ फेब्रुवारीला कॅसल बराकींजवळ गोळीबार झाला आणि नौदलप्रमुख गॉडफ्रे यांनी संपूर्ण नौदल नष्ट करण्याचीही तयारी असल्याची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी मुंबईतील कामगारांनी नाविकांच्या पाठिंब्यासाठी हरताळ पाळला. त्यानंतरच्या गोळीबारांत दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानुसार २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली.

राजीनामा की संप?

या उठावानंतर झालेला वाद आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. महात्मा गांधींनी नाविकांच्या मार्गाला मान्यता दिली नाही. ही सेवा त्यांना स्वतःला किंवा देशाला अपमानास्पद वाटत असेल, तर त्यांनी ती सोडावी, असे त्यांचे मत होते. अरुणा असफ अली यांनी यास आक्षेप घेतला. जे काँग्रेसजन स्वतः कायदेमंडळांत जाऊन बसत आहेत, त्यांनी नाविकांना नोकऱ्या सोडण्याचा उपदेश करणे शोभत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

गांधींची भूमिका तत्त्वतः सुसंगत होती. जो अन्यायाचे वेतन घेतो, त्याने प्रथम ते वेतन सोडावे, हा असहकाराचा पाया आहे. परंतु लष्करी सेवेत राजीनाम्याचा मार्ग सामान्य नाविकाला खुला नव्हता. मुदतीचा करार मध्येच मोडून निघून जाणे हा फरारीपणाचा गुन्हा होता. म्हणजे भरती स्वेच्छेची असली, तरी सेवा स्वेच्छेची राहत नव्हती. विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी बाहेर पडण्याचे दार आवश्यक असते. ते बंद असेल, तर नकाराला बंडाखेरीज दुसरे रूप उरत नाही.

नकारापूर्वीचा प्रश्न

या चर्चेला आणखी एक बाजू आहे. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रयत्न होते. ज्या समाजाला सैन्याचे दारच बंद होते, त्याच्या दृष्टीने सेवेत प्रवेश हीच प्रतिष्ठेची मागणी होती. नकार हा अधिकार म्हणून अर्थपूर्ण ठरण्यासाठी प्रवेशाचा अधिकार आधी मिळावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर स्थिती

बडतर्फ झालेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलात परत घेण्यात आले नाही. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळण्यास पुढे दीर्घ काळ जावा लागला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मान्य केले. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस बंदी घातली, मात्र सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली. त्यात केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येत नाही, परंतु विवेकाच्या कारणावरून सूट देण्याचा उल्लेखही नाही. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने नागरी व राजकीय हक्कांच्या करारातून असा अधिकार निष्पन्न होतो, असे मत नोंदविले. भारत १९७९ पासून या कराराचा पक्ष आहे. सक्तीची भरती नसल्याने हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयीन कसोटीवर ठळकपणे आलेला नाही.

निष्कर्ष

'अकबर' आणि 'तलवार' येथील तरुणांना शांतिवादी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याचप्रमाणे त्यांचा संप केवळ अन्नासाठी होता, असे म्हणणेही अपुरे ठरेल. आपले शस्त्र कोणाविरुद्ध वापरले जावे, याविषयी मत असण्याचा अधिकार त्यांनी मागितला. शिस्त आणि विवेक यांच्या सीमारेषेवरचा हा प्रश्न स्वेच्छाभरतीच्या सैन्यातही उद्भवतो, हे त्यांच्या कृतीने दाखविले. सेवेच्या अटी ठरविताना सेवेबाहेर पडण्याच्या सन्माननीय मार्गाचा विचार राज्याने का करावा, याचे उत्तर फेब्रुवारी १९४६ च्या त्या घटनांमध्ये सापडते. ठाण्याच्या स्थानिक इतिहासात या तळाची नोंद केवळ युद्धकालीन बांधकाम म्हणून न होता या प्रश्नासह व्हावयास हवी.