मुळांकडून समीकरणाकडे

समीकरणावरून त्याची मुळे शोधून काढण्याची विद्या फार जुनी आहे. परंतु मुळे हाती असता त्यांवरून वर्गसमीकरण बांधण्याचा उलट मार्ग त्या मानाने पुष्कळच अलीकडचा. या विलंबाचे एक कारण ऋणसंख्येविषयी मनुष्याला वाटणाऱ्या संकोचात सापडते.

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगरीच्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात क्रीडा करीत आहेत आणि उरलेले १२ टेकडीवर आहेत. उत्तरे दोन येतात, ४८ व १६; दोन्ही आचार्यांना मान्य आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले असून एकच बाहेर दिसतो. येथेही ५० व ५ अशी दोन उत्तरे निघतात. मात्र त्यांपैकी ५ हे आचार्य त्याज्य ठरवितात. पाचाचा पंचमांश १. त्यातून ३ वजा केल्यास ऋण २ येतात, आणि प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋणसंख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांचे म्हणणे.

व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण तेच समीकरण आजच्या रूपात मांडले, तर क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते. यातील ५५ ही ५० व ५ यांची बेरीज आणि २५० हा त्यांचा गुणाकार. त्यागलेले मूळ वानरांच्या हिशेबातून गेले, तरी समीकरणातून गेले नव्हते. एकट्या ५० वरून हे समीकरण पुन्हा उभे करता येत नाही.

ऋणसंख्येविषयीचा हा संकोच युरोपातही दीर्घकाळ टिकला. फ्रान्समधील फ्रांस्वा व्हिएत यांनी मुळे व सहगुणक यांचा संबंध ओळखला. त्यांचा तो ग्रंथ मृत्यूनंतर, १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यांचा विचार धनमुळांपुरताच होता. १६२९ मध्ये आल्बेर जिरार यांनी ऋण व काल्पनिक मुळेही जमेस धरली आणि नियम पूर्ण रूपात मांडला गेला. १६३७ मध्ये देकार्त यांनी रचनेची रीतही दाखविली. मुळे २ व ३ असतील, तर (क्ष − २) आणि (क्ष − ३) यांचा गुणाकार करावा; क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण सिद्ध होते. ऋणमुळांना ते ‘खोटी’ म्हणत, तरी या रचनेत त्यांनाही स्थान देत.

आज शाळेतील विद्यार्थी क्ष² − (मुळांची बेरीज)क्ष + (मुळांचा गुणाकार) = ० हे सूत्र एका ओळीत लिहितो. व्यवहाराने नाकारलेल्या मुळालाही गणिताने हिशेबात धरले, तेव्हाच ही एक ओळ शक्य झाली.