कळू नये असा पर्म

पर्म करायला खुर्चीत बसणाऱ्या बाईची अट बहुधा एकच असते. केस कुरळे व्हावेत, पण पर्म केलाय हे कुणाला कळू नये. या हट्टाला दीडशे वर्षं झाली आणि पर्मचा सगळा इतिहास म्हणजे हा हट्ट पुरवण्याची धडपड.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने १८७२च्या सुमारास केस कुरळे करायचा तापवलेला चिमटा उलट्या बाजूने धरून पाहिला. शोध एवढाच! तोवर चिमट्यातून घट्ट गुंडाळ्या निघत. आता सैल, एकामागून एक येणाऱ्या लाटा पडू लागल्या, जन्मापासूनच असाव्यात अशा. चिमटा किती तापलाय हे कागदाच्या तुकड्यावर आजमावायचं. कागद करपला तर थोडं थांबायचं. युरोपभर ‘मार्सेल वेव्ह’ गाजली. मात्र डोक्यावरून पाणी पडलं की लाटा गेल्या, आणि रोज चिमटा लावून केसांची पार वाट लागे.

धुतल्यावरही टिकणारी लाट हवी होती, ती कार्ल नेसलर या जर्मन माणसाने मिळवली. तो ब्लॅक फॉरेस्टमधल्या टोटनाऊ गावचा, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. लंडनमध्ये धंदा थाटल्यावर १९०५-०६च्या सुमारास त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपली पद्धत दाखवली. त्याआधीचे प्रयोग झाले ते त्याची पत्नी काथारिना लाइबल हिच्या डोक्यावर. पहिल्या दोन खेपांना तिचे केस जळाले, टाळूही भाजली. तिसऱ्यांदा ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. पर्मच्या शोधाचं निम्मं श्रेय तिच्या नावावर टाकायला हरकत नाही.

नेसलरची तऱ्हा अशी: केसांना क्षारयुक्त द्रव लावायचा, एकेक बट पितळी कांडीभोवती मुळापासून टोकापर्यंत नागमोडी गुंडाळायची आणि कांडी शंभर अंशांच्या वर तापवायची. अशा बारा कांड्या, प्रत्येकीचं वजन सुमारे ९०० ग्रॅम. एवढा भार मानेला पेलणार कसा? म्हणून वर झुंबरासारखी चौकट टांगून, प्रतिवजनं लावून कांड्या डोक्याच्या कातडीपासून दूर ठेवायच्या. या अवस्थेत बाईने सुमारे सहा तास बसायचं. लंडनच्या केशरचनाकारांना याचं फारसं कौतुक वाटलं नाही, चिमट्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पुढे महायुद्ध पेटलं, जर्मन म्हणून नेसलर शत्रुपक्षाचा ठरला आणि १९१५मध्ये अमेरिकेत पोहोचला. तिथे त्याच्या यंत्राच्या नकला आधीच धंद्याला लागल्या होत्या.

मग बायकांनी केस कापले. १९२०च्या दशकातल्या आखूड ‘बॉब’वर नागमोडी गुंडाळायला लांबीच उरली नाही. मूळचा चेक असलेल्या जोसेफ मेयरने गुंडाळी उलटी फिरवली: टोकापासून सुरू करून मुळाकडे, आडव्या कांडीवर. टोक कांडीला चिकटून असतं म्हणून तिथे वेटोळं घट्ट पडतं. पुढचा प्रत्येक वेढा आधीच्या केसांवर बसत जाड होत जातो, त्यामुळे मुळाशी लाट सैल राहते. आज बहुतेक पर्म याच दिशेने गुंडाळले जातात.

शिकागोत मॅडम सी. जे. वॉकर यांच्या केशप्रसाधनांच्या कंपनीत काम करणाऱ्या मार्जरी जॉयनर यांनी १९२८मध्ये वेगळ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मांसाचा मोठा तुकडा आतून लवकर शिजावा म्हणून त्यात खुपसायच्या सळयांवरून त्यांना ही कल्पना सुचली. यंत्र काळ्या आणि गोऱ्या दोन्ही बायकांच्या केसांवर चालत असे. पेटंटवर नाव जॉयनरबाईंचं, हक्क कंपनीचे; पैसा त्यांच्या हाती आला नाही.

जपानमध्ये तर पर्म राष्ट्राचा शत्रू ठरला. चीनशी युद्ध चालू असताना, १९३९मध्ये, सरकारच्या काटकसर मोहिमेने पर्म बंद करण्याचं आवाहन केलं. बायका ऐकेनात. पुढे विजेवर निर्बंध आले तेव्हा सलूनवाल्यांनी कोळशावर कांड्या तापवल्या, आणि गिऱ्हाइकं कोळसा घरून घेऊन आली.

या सगळ्या तापवातापवीतून सुटका केली ती रसायनशास्त्राने. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस हे लोकर आणि केसांतल्या केराटिनचा अभ्यास करत होते. १९३४मध्ये त्यांनी दाखवलं की केराटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणारे गंधकाचे बंध थायोग्लायकोलिक आम्लाने, तेही साध्या तापमानाला, तुटतात. द्रव फक्त क्षारीय हवा. सलूनशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. चार वर्षांत, १९३८मध्ये, अर्नोल्ड विलाटचा ‘कोल्ड वेव्ह’ आला: यंत्र नाही, वीज नाही. बंध तोडायचे, केस कांडीच्या आकारात असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रवाने ते पुन्हा जोडायचे. पुढे ‘टोनी’ नावाची पेटी निघाली आणि पर्म स्वयंपाकघरातही होऊ लागला. सलूनचा पर्म कुणाचा आणि घरचा कुणाचा, ओळखा पाहू, असं विचारणाऱ्या जुळ्या बहिणींच्या जाहिराती अमेरिकेत घरोघर पोहोचल्या. १९४८मध्ये जिलेट कंपनीने टोनी दोन कोटी डॉलरला विकत घेतली.

पण रसायन कितीही सुधारलं तरी लाट खरी वाटणार की नाही, हे हातावर ठरतं. बारीक कांडी घेतली की लोकरीसारखे गुंतवळे, जाड घेतली की मोठी लाट. जाणकार कारागीर एकाच डोक्यावर दोन-तीन मापांच्या कांड्या मिसळतो, कारण जन्मजात कुरळ्या केसांतही सगळ्या बटा सारख्या नसतात. टोकांवर पातळ कागद दुमडून घालतो. टोक जरा मुडपलं तर तिथे मासे पकडायच्या गळासारखा आकडा कायमचा बसतो. औषध मुरत असताना मधूनच एक कांडी दीड वेढा उलगडून, केस न ताणता टाळूकडे किंचित ढकलायचे. इंग्रजी ‘एस’ स्पष्ट दिसला की औषध लगेच धुवायचं. आणखी थोडा वेळ ठेवलं तर लाट जास्त टिकेल, हा समज मात्र महागात पडतो: केस वाळक्या गवतासारखे होतात. १९७०च्या दशकात सौम्य, आम्लधर्मी द्रव आले. त्यांना उष्णता लागते, पण लाट मऊ पडते.

पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये हल्ली रीबाँडिंगची, म्हणजे केस सरळ करून घेण्याची, मागणी मोठी. त्यातही बहुधा त्याच थायोग्लायकोलिक आम्लापासून बनलेलं औषध असतं, फक्त कांडीऐवजी सपाट तापती इस्त्री. म्हणजे नेसलरने ज्यासाठी बायकोची टाळू भाजली, त्याच्या नेमकं उलट.

पर्मचं बिंग फुटतं ते शेवटी मुळाशी. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, आणि नवा केस आपल्या मूळ वळणाचाच येतो. तीन महिन्यांत टाळूलगत सपाट पट्टा दिसू लागतो. मग कुणी नुसत्या मुळांचा पर्म करून घेतं. त्यात आधीच्या लाटेवर पुन्हा औषध जाऊ नये म्हणून कारागिराला उरलेले केस मलम लावून झाकावे लागतात. आणि कुणी सरळ कात्री मागतं.