प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर)

आईवडील काही काळ मुलाचा सांभाळ करू शकत नसतील, तेव्हा बालकल्याण समितीच्या आदेशाने ते मूल दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवण्याची व्यवस्था. भारतात बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये तिची तरतूद आहे. दत्तकविधानाने जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते. प्रतिपालकत्वात ते टिकते.

आईवडिलांचा मृत्यू, दीर्घ किंवा मानसिक आजार, दारूचे व्यसन, मारहाण, तुरुंगवास ही मूल घराबाहेर जाण्याची नेहमीची कारणे. तुरुंगातल्या आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिले. पुढे आजी किंवा मावशी पुढे आली नाही, तर बालगृह नाही तर परके घर, एवढेच उरते. निव्वळ गरिबीपायी मात्र मूल आईपासून तोडणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना इथे मोलाची ठरते : तिचे मासिक अनुदान एकट्या आईजवळ राहणाऱ्या मुलालाही मिळू शकते.

पालक असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी गेले असेल, तर त्यांना ठरावीक काळाने त्याला भेटता येते. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले, तर तिने कारणे नोंदवली पाहिजेत. पालक सक्षम झाल्यावर मूल घरी परतू शकते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असेही कायदा सांगतो.

कागदावरची ही भेट प्रत्यक्षात आईला महाग पडते. रोजावर जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा खाडा होतो, वर एसटीचे भाडे. ती पोचते तेव्हा मूल कधी तिच्याकडे जायला बिचकते, तर कधी निघताना पदर सोडत नाही आणि रात्री जेवत नाही. ‘भेटीने मूल बिघडते’ असा निष्कर्ष यातून घाईने काढला जातो. वास्तविक ती ताटातुटीची वेदना असते. मुलासमोर आईला नावे न ठेवणे, तिचा फोटो त्याच्याजवळ राहू देणे, फोनवर बोलणे करून देणे, ही प्रतिपालक कुटुंबाची मोठी जबाबदारी होय.

2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे असेल तर प्रतिपालक कुटुंबाला पाचऐवजी दोन वर्षांनंतर ते दत्तक घेता येते. मुलाला स्थैर्य लवकर मिळावे, हा हेतू योग्यच आहे. पण मुदत आखूड झाल्यामुळे, जन्मदात्यांपर्यंत पोचण्याचे प्रयत्न पहिल्या महिन्यापासूनच व्हायला हवेत.