तब्येतीचा परवाना आणि राज्याची हद्द

अलिबाग-मुरुडच्या रस्त्यावर ‘परमिट रूम’ अशा पाट्या आपण कितीदा वाचतो. पण हे परमिट कसलं, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. ते आहे तब्येतीचं! महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्यानं वैयक्तिक परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो.

अमेरिकेत एका राज्याचं वैद्यकीय गांजाचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. आजार तोच, माणूस तोच, तरी असं का? या प्रश्नाचा अभ्यास करायला आपला कोकण किनारा फार चांगला आहे.

मुळात मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. कुलाबा जिल्हाही (१९८१ पासून रायगड) त्यात आलाच. कायद्याला अपवाद होते: परदेशी नागरिक, लष्कराची मेस, बाहेरून आलेले पाहुणे, आणि दारू न मिळाल्यास ज्याची प्रकृती ढासळेल असा माणूस. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी रद्द केली, पण दारूबंदी आणि परवान्यांची चौकट कायम ठेवली.

आता कायद्यातला एक शब्द नीट वाचा. कलम ४० मधला परवाना ‘विदेशी मद्या’साठी होता. म्हणजे डॉक्टरचा दाखला आणून व्हिस्की मिळू शकत होती, माडी नाही. किनाऱ्यावर माड काढणारा भंडारी, ती पिणारे कोळी-आगरी यांच्या तब्येतीचा विचार या कलमात कुठेच नाही. परवाना प्रकृतीचा म्हणवत होता, पण तो कुणाला मिळणार हे दारूच्या जातीवर ठरत होतं. माझ्या मते यावर अजून भरपूर लिहायचं बाकी आहे.

मग हद्दीचं काय? दारू हा राज्यांचा विषय आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद ८ मादक पेयांची आहे, आणि नोंद ५१ मध्ये मद्य, अफू, भांग-गांजावरचं उत्पादन शुल्क. म्हणजे हा राज्याच्या तिजोरीचा मामला. ब्रिटिश काळातही तसंच होतं. १८७८ चा अबकारी कायदा इलाख्याचा होता, आणि १९४८ पर्यंत जंजिरा हे वेगळं संस्थान होतं. अलिबागहून मुरुड पन्नासेक किलोमीटरवर, पण तिथे पोचलं की राज्यच बदलायचं.

सगळ्यात गमतीचं उदाहरण १९६० चं. मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले आणि दोघांच्या वाट्याला एकच कायदा आला. महाराष्ट्रानं नियम सैल केले, गुजरातनं घट्ट ठेवले. तिथला आरोग्य परवाना वैद्यकीय तपासणीनंतर मिळतो. त्यामुळे अलिबागच्या माणसाचा ‘आरोग्य’ परवाना सुरतेत कामाचा नाही. तिथे त्याला पाहुण्यांचा परवाना वेगळा काढावा लागतो. दक्षिणेकडूनही तेच. गोव्यात कर भरून घेतलेली बाटली मुंबई-गोवा महामार्गावरून माणगावला आणली, तर इथला कर न भरलेली म्हणून ती बेकायदा. बाटली आणि खिसा यांच्यामध्ये उत्पादन शुल्क खातं उभं असतं, डॉक्टर नाही.

म्हणून पुढे या विषयावर काम करणार असाल, तर ‘आरोग्य’ या शब्दामागे धावत आरोग्य खात्याच्या फायली उघडत बसू नका. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल आणि अबकारीच्या फायलींपासून सुरुवात करा. आणि वाचताना प्रत्येक अर्जाखाली एक गोष्ट आवर्जून बघा: दाखला कुणी दिला, आणि शुल्क कुणी घेतलं.