द्विनेत्री दुर्बिणीतून तारकागुच्छ आणि तेजोमेघांचे दर्शन

आकाशनिरीक्षणासाठी मोठी आणि महागडी दुर्बीण आवश्यक असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. चंद्रावरील विवरे किंवा शनीची कडी पाहण्याच्या बाबतीत तो काही अंशी योग्यही आहे. मात्र तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांचा विचार करता, पक्षिनिरीक्षणासाठी वापरली जाणारी साधी द्विनेत्री दुर्बीण अनेकदा अधिक उपयुक्त ठरते. कृत्तिकांचा गुच्छ आकाशात सुमारे दोन अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या चौपट रुंदीचा असतो. अधिक वर्धनशक्तीच्या दुर्बिणीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात तो मावतच नाही. द्विनेत्रीचे दृष्टिक्षेत्र सहा ते सात अंशांचे असल्याने त्यात कृत्तिका सभोवतालच्या काळ्या आकाशासह दिसतात आणि तो गुच्छ आहे हे खऱ्या अर्थाने जाणवते.

द्विनेत्रीवर ७×५० किंवा १०×५० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा वर्धनशक्ती दर्शवतो, तर दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. काळोखात तरुण व्यक्तीच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. त्या मानाने ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. नुसत्या डोळ्यांना निर्मळ आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, तर अशा दुर्बिणीतून नवव्या ते दहाव्या प्रतीपर्यंत मजल जाते. भिंगाच्या व्यासाला वर्धनशक्तीने भागले असता बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी मिळते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर, तर १०×५० मध्ये पाच मिलिमीटर असते. वाढत्या वयाबरोबर बाहुलीचे विस्फारणे कमी होत जाते, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तींनी आणि शहरातील निरीक्षकांनी १०×५० निवडणे श्रेयस्कर. यापेक्षा अधिक वर्धनशक्ती असल्यास हातांचा सूक्ष्म कंपही मोठा होऊन दिसतो आणि तिवईशिवाय निभाव लागत नाही. आरामखुर्चीत रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहणे हा त्यावरील सर्वात स्वस्त उपाय होय. सूर्याकडे किंवा त्याच्या जवळपास द्विनेत्री कधीही रोखू नये. डोळ्यांना कायमची इजा होते.

हिवाळ्यातील आकाश

नवोदितांनी प्रारंभ कृत्तिकांपासूनच करावा. नुसत्या डोळ्यांना येथे सहा किंवा सात तारे दिसतात. तैत्तिरीय ब्राह्मणात अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणिका अशी त्यांची सात नावे आढळतात. यांपैकी तीन नावांचा संबंध ढग आणि पाऊस यांच्याशी असावा, ही बाब लक्षणीय आहे. गॅलिलिओने १६१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कृत्तिकांचे छत्तीस ताऱ्यांचे रेखाचित्र दिले होते. आजच्या साध्या द्विनेत्रीचे भिंग त्याच्या दुर्बिणीच्या भिंगापेक्षा मोठे असते, त्यामुळे तितके तारे मोजणे कोणालाही अवघड जाऊ नये. हा गुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय दहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. ताऱ्यांच्या आयुर्मानाचा विचार करता ही बाल्यावस्थाच म्हणावी लागेल.

कृत्तिकांच्या पूर्वेस तांबूस रोहिणी आणि तिच्याभोवती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा विरळ गुच्छ दिसतो. येथे एक गंमत आहे. या गुच्छाचे अंतर सुमारे १५० प्रकाशवर्षे, तर रोहिणीचे केवळ ६५. म्हणजे रोहिणी या कुटुंबातील नाहीच. ती आपल्या आणि गुच्छाच्या मध्ये उभी आहे.

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांच्या दक्षिणेस फिकट ताऱ्यांची एक छोटी रांग आहे. तिच्या मध्यभागी दिसणारा धुरकट पुंजका म्हणजे मृगातील तेजोमेघ होय. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरील या वायू आणि धुळीच्या मेघात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. छायाचित्रांतील गुलाबी आणि जांभळे रंग येथे दिसणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी निष्क्रिय होतात आणि सर्व काही करड्या छटांमध्ये दिसते. मंद वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवल्यास ती अधिक स्पष्ट होते, कारण अंधुक प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पेशी दृष्टिपटलाच्या केंद्राबाहेर दाटीने असतात. व्याध ताऱ्याच्या दक्षिणेस सुमारे चार अंशांवरील गुच्छ पाहताना ही तिरकी नजर आजमावून पाहावी.

डिसेंबरच्या पूर्वरात्री उत्तरेस शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या दरम्यान सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरील जुळे गुच्छ एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. जवळच देवयानी आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना मराठी ताराचित्रांत शेजारी बसवणाऱ्यांच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते. देवयानी दीर्घिकेची नोंद पर्शियन खगोलज्ञ अल् सूफी याने इसवी सन ९६४ मध्ये ‘लहान ढग’ या अर्थाने केली होती. हा ढग आपल्या आकाशगंगेतच आहे की तिच्या बाहेर, यावर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मतभेद होते. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये त्यात एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा शोधला. त्याच्या तेजबदलाच्या कालावधीवरून अंतर काढता आले आणि वाद मिटला. आजच्या मापनानुसार ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास ही दीर्घिका भारतातून आकाशात उंचावर दिसते.

फ्रान्सचे चार्ल्स मेसिए यांना वस्तुतः या कशातच रस नव्हता. त्यांना धूमकेतू शोधायचे होते आणि असे स्थिर धूसर ठिपके वारंवार फसवत असत. म्हणून त्यांनी त्यांची यादी केली. १७८१ मधील आवृत्तीत १०३ नोंदी होत्या, आता ११० मानल्या जातात. टाळण्याच्या वस्तूंची ही यादी पुढे हौशी निरीक्षकांची वाटाडी ठरली. निर्मळ आकाशात यांपैकी बहुतांश वस्तू १०×५० दुर्बिणीने टिपता येतात.

दक्षिणेची देणगी

भारताच्या अक्षांशाचा खरा लाभ उन्हाळ्यात मिळतो. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच क्षितिजावर येत नाही. भारतातून मात्र तो दिसतो आणि जितके दक्षिणेस जावे तितका वर येतो. सर्वोच्च स्थानी असताना तो श्रीनगरहून क्षितिजापासून जेमतेम आठ अंश, दिल्लीहून चौदा, नागपूरहून एकवीस, मुंबईहून तेवीस, बंगळुरूहून सुमारे तीस, तर कन्याकुमारीहून चौतीस अंश उंच असतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश भरते, त्यावरून अंदाज घेता येईल. मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास थेट दक्षिणेस पाहावे. कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा हा गोळा सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असून त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत.

कृत्तिकांसारख्या खुल्या गुच्छांत शेकडो ते काही हजार तारे असतात आणि कालांतराने ते पांगतात. गोलाकार गुच्छांत लाखो तारे गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेले असून त्यांचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक असते. ओमेगा सेंटॉरी हा एखाद्या लहान दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. हबल दुर्बिणीच्या दोन दशकांतील प्रतिमांचा अभ्यास करून २०२४ मध्ये त्याच्या केंद्राजवळ सात अतिवेगवान तारे आढळल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांच्या गतीवरून तेथे सूर्याच्या किमान ८,२०० पट वस्तुमानाचे कृष्णविवर असावे, असा निष्कर्ष निघाला.

विंचवाच्या नांगीजवळील दोन गुच्छ, धनु राशीतील तेजोमेघ आणि त्याच राशीतील सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवरील गोलाकार गुच्छ हे सारे वर्षातील सर्वात समृद्ध क्षेत्र. नांगीजवळील मोठ्या गुच्छाची नोंद टॉलेमीने दुसऱ्या शतकातच केली होती. दुर्दैवाने जून-जुलैत हा भाग पूर्वरात्री माथ्यावर येतो तेव्हा देशाच्या बहुतेक भागांत मोसमी ढग असतात. त्यासाठी मेमधील उत्तररात्र साधावी किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या आरंभी अंधार पडताच नैऋत्येकडे पाहावे. पावसाने धुतलेल्या त्या हवेची पारदर्शकता उन्हाळ्यातील धुळकट हवेला येत नाही. पर्जन्यछायेतील लडाख याला अपवाद आहे.

काळोखाचा प्रश्न

या निरीक्षणातील खरी अडचण दुर्बिणीची नसून काळोखाची आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०११ ते २०२२ या काळात नागरिकांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवरून रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे दिसून आले. निरीक्षणे प्रामुख्याने युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होती. या वेगाने, जन्माच्या वेळी जेथे २५० तारे दिसत होते तेथे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील. भारतात लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोखे आकाश संरक्षित क्षेत्र अधिसूचित करण्यात आले, तर महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. शहरवासीयांनी निराश होण्याचे कारण नाही. कृत्तिका, रोहिणीचा गुच्छ आणि मृगातील तेजोमेघ गच्चीवरूनही दिसतात. दीर्घिका मात्र शहरी उजेडात प्रथम हरवतात.

लहान साधनांनी काय साधते याचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज अल्कॉक. हजारो ताऱ्यांच्या जागा मुखोद्गत असल्याने आगंतुक ठिपका त्यांना तात्काळ खटकत असे. त्यांच्या नावावर पाच धूमकेतू आहेत. त्यांपैकी १९८३ मधील धूमकेतू त्यांनी घराच्या बंद खिडकीच्या काचेतून द्विनेत्रीने पाहिला. कॅनडातील धर्मोपदेशक लुशियन केम्बल यांना ७×३५ द्विनेत्रीतून एका सरळ ओळीत कोसळणारे फिकट तारे दिसले. ती ओळ आज ‘केम्बलचा धबधबा’ म्हणून ओळखली जाते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून कार्यरत असलेल्या हौशी संस्थांच्या निरीक्षण कार्यक्रमांत अनुभवी निरीक्षकांचे मार्गदर्शन मिळू शकते.

दुर्बीण घेताना दोन्ही नळ्यांतील प्रतिमा एकजीव होते का, हे दूरच्या दिव्याकडे पाहून तपासावे. दोन प्रतिमा दिसत असतील किंवा डोळ्यांवर ताण येत असेल तर ती नाकारावी. किनारपट्टीवर पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, म्हणून ती कातडी पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.